सुटका न करणारं हसू

गेस्टापोच्या वॉर्सातल्या कचेरीत कर्नल एरहार्ट एका पाहुण्याशी बोलतो आहे. हा आपला हेर प्रोफेसर सिलेत्स्की, अशी त्याची समजूत. खरं तर समोर बसला आहे नकली दाढी लावलेला जोसेफ तुरा, वॉर्सातला एक नट. एक शब्द चुकला तर गोळी ठरलेली. तरीही तुराला राहवत नाही. तो थोर पोलिश नट जोसेफ तुरा, त्याचं नाव आपल्या कानावर आलं असेलच, असं तो विचारून बसतो. एरहार्टला आठवतं. युद्धाआधी एकदा पाहिलं होतं त्याला, तो म्हणतो; शेक्सपिअरचे त्यानं जे हाल केले, तेच आता आम्ही पोलंडचे करतो आहोत.

‘टू बी ऑर नॉट टू बी’ प्रदर्शित होण्याआधी निवडक प्रेक्षकांना दाखवला गेला, तेव्हा इथपर्यंत खळखळून हसणारं प्रेक्षागृह या वाक्याला एकदम गप्प झालं, अशी आठवण सांगितली जाते. खेळ संपल्यावर दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिचला त्याच्या पत्नीनं आणि जवळच्या मित्रांनी परोपरीनं सांगून पाहिलं: एवढं एक वाक्य काढून टाक. लुबिच हा प्रेक्षकाची नाडी अचूक ओळखणारा माणूस. कुठं हशा येतो, कुठं येत नाही, हे त्याला सांगावं लागत नसे. तरीही त्यानं ते वाक्य ठेवलं. पुढच्या पानांत या चित्रपटाची पटकथा मराठीत येते आहे, आणि तिची ओळख करून देताना मला सगळ्यात आधी या नकाराबद्दल बोलावंसं वाटतं. हा चित्रपट काय आहे, ते त्या नकारात आहे.

कथा सांगून टाकतो. पटकथाच हातात असताना गुपितं राखण्यात अर्थ नाही. ऑगस्ट १९३९. वॉर्सातली एक नाटक कंपनी नाझींवरच्या ‘गेस्टापो’ नावाच्या नाटकाच्या तालमी करते आहे. हिटलर नाराज होईल म्हणून पोलिश सरकार नाटक बंद करायला लावतं आणि कंपनी ‘हॅम्लेट’ लावते. हॅम्लेट आहे जोसेफ तुरा. त्याची बायको मारिया कंपनीची नायिका आणि लोकप्रियतेत त्याच्या पुढे. तिच्यावर भाळलेला तरुण वैमानिक सोबिन्स्की तिला भेटायला कधी येणार, याची खूण ठरते: तुरा ते प्रसिद्ध स्वगत सुरू करेल तेव्हा त्यानं प्रेक्षागृहातून उठून रंगपटात यायचं. म्हणजे नट आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या स्वगताला तोंड फोडतो आणि समोरचा माणूस उठून चालू लागतो. बायको हातची जाईल हे तुराला नंतर सुचतं. आधी त्याला लागतं ते हे, की आपलं स्वगत चालू असताना कोणी उठलं.

मग युद्ध सुरू होतं. सोबिन्स्की इंग्लंडला पोचतो. तिथं प्रोफेसर सिलेत्स्की पोलिश वैमानिकांकडून त्यांच्या मायदेशातल्या नातेवाइकांची नावं गोळा करतो आहे. हा मनुष्य स्वतःला वॉर्साचा म्हणवतो आणि मारिया तुराचं नाव त्यानं ऐकलेलं नाही, एवढ्यावरून सोबिन्स्कीला संशय येतो. सिलेत्स्की ती यादी घेऊन वॉर्सात उतरतो आणि यादी गेस्टापोच्या हाती पडण्याआधी त्याला अडवण्याचं काम येतं या नटमंडळींवर. त्यांच्याकडे बंदुका नाहीत. बंद पडलेल्या नाटकाचे नाझी गणवेश आहेत, दाढ्या आहेत, पाठ केलेली वाक्यं आहेत.

चित्रपटाची सुरुवात पाहिली की लुबिचची चाल कळते. वॉर्साच्या रस्त्यावर साक्षात हिटलर उभा. लोक थिजलेले. मग आपण गेस्टापोच्या कचेरीत येतो, अधिकारी एका लहान मुलाला खेळण्यातला रणगाडा देऊन त्याच्या बापाबद्दल माहिती काढू पाहतात, दार उघडतं, हिटलर आत येतो आणि सलामाला उत्तर म्हणून स्वतःचाच जयजयकार करतो. त्यावर ‘हे संहितेत नाही’ असा निर्मात्याचा आवाज येतो आणि तेव्हा कळतं की ही तालीम आहे. हिटलर म्हणजे ब्रॉन्स्की नावाचा दुय्यम नट. आपण हुबेहूब दिसतो हे सिद्ध करायला तो रस्त्यावर जाऊन उभा राहिलेला असतो आणि एक लहान मुलगी त्याच्याकडे ब्रॉन्स्की म्हणूनच स्वाक्षरी मागते. पहिल्या काही मिनिटांत लुबिचनं आपल्याकडून कबूल करून घेतलं आहे की गणवेश, मिशी आणि सलाम यांना आपणही फसलो. पुढचा सगळा चित्रपट याच फसवणुकीवर चालतो. फरक इतकाच, की पुढे फसणारे खरे नाझी आहेत.

लुबिचला हे जग आतून माहीत होतं. जन्म बर्लिनचा, २९ जानेवारी १८९२. ज्यू शिंप्याचा मुलगा. १९११ मध्ये तो माक्स राइनहार्टच्या नाटक मंडळीत गेला आणि तिथं छोट्या छोट्या भूमिका केल्या. मोठ्या नटाच्या मागं उभं राहून, आपल्याला हे काम मिळालं असतं तर, असं मनात म्हणणाऱ्या नटाचं दुःख त्यानं जवळून पाहिलेलं होतं. पुढे तो चित्रपटांकडे वळला, १९१९ च्या ‘मादाम द्यूबारी’नं त्याचं नाव जर्मनीबाहेर गेलं आणि १९२२ च्या अखेरीस मेरी पिकफर्डचा चित्रपट करायला तो अमेरिकेत आला. ‘ट्रबल इन पॅरडाइज’, ‘निनोच्का’, ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ हे चित्रपट पाहिलेल्यांना त्याची शैली ओळखीची असेल: बंद दार दाखवायचं आणि आत काय चाललं असेल ते प्रेक्षकावर सोडायचं. नाझींनी १९३५ मध्ये त्याचं जर्मन नागरिकत्व काढून घेतलं. पुढच्याच वर्षी तो अमेरिकन नागरिक झाला.

त्याच्याभोवती जमलेली माणसंही बहुतेक युरोपातलीच. मूळ कथेत त्याचा जोडीदार मेल्किओर लेंग्येल, हंगेरियन नाटककार, ‘निनोच्का’ची कथाही त्याचीच. पटकथा अमेरिकन एडविन जस्टस मेयरची. निर्मितीत अलेक्झांडर कोर्डा आणि कलादिग्दर्शनाला त्याचा भाऊ व्हिन्सेंट, दोघेही हंगेरीचे. संगीत वेर्नर रिखार्ड हायमनचं; बर्लिनच्या उफा कंपनीत त्याचं नाव मोठं होतं, आणि ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्याला देश सोडावा लागला. छायालेखक रूडॉल्फ माटे क्राकूवचा, म्हणजे पोलंडच्याच मातीतला. ड्रायरच्या ‘पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’मधले ते विलक्षण चेहरे त्यानंच टिपले होते. या यादीतले काही हिटलरमुळे परागंदा झालेले, काही त्याच्याही आधी नशीब काढायला निघालेले. वॉर्साचे बर्फाळ रस्ते कॅलिफोर्नियात उभे करताना यातल्या अनेकांच्या मनात घर होतं.

माटेबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण विनोदी चित्रपटाच्या छायालेखकाकडे कुणाचं लक्ष जात नाही. सिलेत्स्कीच्या मृत्यूचा प्रसंग पाहा. रिकामं प्रेक्षागृह, खुर्च्यांच्या रांगांमधून धावणारा माणूस, त्याला शोधणारा प्रकाशझोत. गोळीचा आवाज. पडदा वर जातो आणि तो रंगमंचावर एकटा उभा असतो, एका क्षणात कोसळणारा. या प्रसंगात एकही विनोद नाही, आणि त्याला हलकं करणारं काही लगेच मागून येत नाही. मरणारा माणूस शत्रू आहे, त्याचं मरण आवश्यक आहे, तरीही ते मरण आहे, असं कॅमेरा सांगतो. थोड्या वेळानं याच प्रेताशेजारी तुराला कोंडलं जातं, खरा प्रोफेसर कोणता हे त्यानंच सिद्ध करावं म्हणून. खिशात जादा दाढी आणि जवळ वस्तरा. प्रेताची दाढी भादरून तो नकली चिकटवतो आणि एरहार्टला ती स्वतःच्या हातानं ओढायला लावतो. इथं आपण हसतो. आधीचं मरण विसरून हसत नाही. प्रेत तिथंच खुर्चीत आहे.

जॅक बेनी हा त्या काळी अमेरिकेतला फार मोठा रेडिओ विनोदवीर. चित्रपटांत मात्र त्याला म्हणावं तसं काम मिळालेलं नव्हतं. लुबिचनं तुरा त्याच्यासाठीच लिहून घेतला. बेनीनं रेडिओवर उभं केलेलं पात्र आत्मसंतुष्ट, चटकन दुखावलं जाणारं, टाळीच्या आशेनं थांबणारं होतं, आणि तुराला नेमकं तेच हवं होतं. बेनीचं मूळ नाव बेंजामिन कुबेल्स्की. वडील पोलंडमधून आलेले ज्यू. हे वडील चित्रपट पाहायला गेले, सुरुवातीलाच मुलगा नाझी गणवेशात सलाम करताना दिसला आणि ते उठून निघून गेले. हे नाटकातलं नाटक आहे, हे मुलानं समजावून सांगितल्यावर ते परत गेले आणि पुढे त्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, असं बेनीनं लिहून ठेवलं आहे. मला ही हकिगत चित्रपटाच्या कुठल्याही समीक्षेइतकी मोलाची वाटते. तो गणवेश अंगावर चढवणं ही किती जड गोष्ट होती, ते त्या बापाच्या उठून जाण्यात आहे.

मारियाच्या भूमिकेसाठी आधी मिरियम हॉपकिन्सचं नाव होतं. ती बाहेर पडली आणि कॅरल लोम्बार्ड आली. लुबिचबरोबर काम करायची तिची जुनी इच्छा होती. रॉबर्ट स्टॅक, म्हणजे सोबिन्स्की, तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि एवढ्या मोठ्या नटीसमोर बावरलेला. लोम्बार्ड त्याला पोरवयापासून ओळखत होती आणि तिनं आपल्याला सांभाळून घेतलं, हे तो पुढे कृतज्ञतेनं सांगत असे. पडद्यावर मारिया सगळ्यांना सांभाळून घेते: नवऱ्याचा अहंकार, तरुणाचं भाबडं प्रेम, सिलेत्स्कीची लंपट नजर, एरहार्टचा गोंधळ. तिच्या चेहऱ्यावर एक विचार उमटतो, ओठांवर दुसरा शब्द येतो आणि तिसरंच काम साधलं जातं. विनोदी अभिनयात यापेक्षा वरचं काही मी पाहिलेलं नाही.

चित्रीकरण १९४१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि डिसेंबरात संपलं. मध्येच, ७ डिसेंबरला, पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. पुढच्या महिन्यात लोम्बार्ड तिच्या जन्मराज्यात, इंडियानात, युद्धरोखे विकायला गेली. वीस लाख डॉलरहून अधिक रोखे खपवून परतताना १६ जानेवारी १९४२ च्या रात्री लास वेगासजवळ तिचं विमान डोंगरावर आदळलं. ती, तिची आई आणि कित्येक सैनिक, सगळे २२ जण गेले. ती ३३ वर्षांची होती. चित्रपटात विमानप्रवासाबद्दलचं तिचं एक वाक्य होतं, विमानात असं काय होणार आहे अशा अर्थाचं. ते काढलं गेलं. लुबिचनं कापलं ते हे वाक्य. एरहार्टचं कापलं नाही. या दोन निर्णयांत मला विसंगती दिसत नाही. एक वाक्य एका मृत स्त्रीच्या मृत्यूला नकळत टोचणारं झालं होतं, दुसरं जाणूनबुजून जिवंत प्रेक्षकाला टोचण्यासाठी लिहिलेलं होतं.

चित्रपट त्या वर्षीच्या मार्चपर्यंत सर्वत्र लागला आणि टीका सुरू झाली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बॉस्ली क्राउदरला तो निर्दय आणि बेताल वाटला. फिलाडेल्फियातल्या एका समीक्षिकेनं बर्लिनमध्ये जन्मलेल्या दिग्दर्शकाला वॉर्साच्या बॉम्बवर्षावात गंमत दिसते, असं म्हटलं. हा घाव मोठा होता. देश गमावलेल्या ज्यू माणसाला, तू त्यांच्यातलाच, असं ऐकवणं होतं ते. लुबिचनं उत्तर दिलं, आणि ते उत्तर कुठल्याही चित्रपटशाळेत शिकवावं असं आहे. गंभीर नाटकात अधूनमधून विनोदाचा विसावा द्यायचा, किंवा विनोदी नाटकात अधूनमधून गांभीर्याचा, या दोन ठरीव पाककृतींचा मला कंटाळा आला, असं त्याचं म्हणणं. म्हणून कुणालाही, कशापासूनही, कधीही सुटका द्यायची नाही असा चित्रपट करायचं ठरवलं. नाझींबद्दल तो पुढे म्हणतो, की छळकोठड्या, चाबूक, डोळे फिरवणारे नाझी हे सगळं इतर चित्रपटांनी दाखवलं आहे. माझे नाझी तो टप्पा ओलांडून गेलेले आहेत. दुकानदारानं पिशवी विकताना बोलावं तितक्या सहजपणे ते फटक्यांविषयी आणि छळाविषयी बोलतात.

एरहार्टकडे या नजरेनं पाहिलं की सिग रूमनचं काम किती भीषण आहे ते उमगतं. रूमन हॅम्बुर्गचा, पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात होता, १९२४ मध्ये अमेरिकेत आला. मार्क्स बंधूंच्या चित्रपटांत फुशारून फुटणारे मोठे लोक त्यानं केले होते. त्याचा एरहार्ट आपल्या कुख्यात टोपणनावानं सुखावतो, वरच्यांना घाबरतो आणि प्रत्येक चूक हाताखालच्या शुल्त्सवर ढकलतो. गंमत अशी, की तुरानं आधी न पाहिलेल्या एरहार्टचं सोंग घेताना जो पोकळ, स्वतःवर खूश माणूस उभा केला होता, खरा एरहार्ट हुबेहूब तसाच निघतो, तेच शब्द बोलतो. नट वाईट असेल, पण त्याचं निरीक्षण चुकलेलं नाही. तुरा-सिलेत्स्की मुद्दाम आधीच गोळ्या घातलेल्यांची नावं सांगतो, तेव्हा एरहार्ट चिडतो तो एवढ्या घाईनं मारल्यामुळे माहिती बुडाली म्हणून. माणसं गेली म्हणून नाही. शेवटी नामुष्कीच्या भीतीनं तो दाराआड स्वतःवर गोळी झाडतो. आवाज येतो, क्षणभर शांतता, आणि पाठोपाठ हाक: शुल्त्स! इथं हसू येतं आणि हसताना अंगावर काटाही येतो. मरणातही ज्याला कारकून लागतो, अशा माणसाच्या हाती एक शहर दिलेलं आहे.

चॅप्लिनचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ याआधी, १९४० मध्ये, आला होता. त्याच्या अखेरीला चॅप्लिन पात्र बाजूला ठेवून थेट जगाशी बोलतो. लुबिच भाषण देत नाही. भाषण त्यानं ग्रीनबर्गकडे सोपवलं आहे, आणि या पटकथेत सर्वांत सावकाश वाचावी अशी जागा हीच. ग्रीनबर्ग कंपनीत भाला धरून उभा राहणारा नट. त्याचं एकच स्वप्न: शायलॉक करायचा. तो ते भाषण तीनदा म्हणतो. पहिल्यांदा रंगमंचामागे, ब्रॉन्स्कीला, स्वप्न म्हणून. दुसऱ्यांदा उद्ध्वस्त वॉर्सात, बर्फात, जणू स्वतःशीच. तिसऱ्यांदा नाट्यगृहाच्या दालनात, नाझी सैनिकांच्या गराड्यात, हिटलरचं सोंग घेतलेल्या ब्रॉन्स्कीसमोर, इतरांचे प्राण वाचवायला. शब्द बहुतांशी तेच, पण शेक्सपिअरनं ज्यू म्हटलं आहे तिथं ग्रीनबर्ग ‘आम्ही’ म्हणतो. शायलॉक करायला मिळाला की आपण घर डोक्यावर घेऊ, अशी त्याची खात्री होती. मिळाला तो प्रेक्षकांशिवाय, टाळीशिवाय, बंदुकांसमोर. फेलिक्स ब्रेसार्टनं ही भूमिका केली. तो स्वतः ज्यू, जर्मन रंगभूमीवरचा नट, १९३३ मध्ये देशाबाहेर पडलेला. त्याच्या आवाजात कुठंही चढ नाही.

हे लिहिताना एक तारीख मनातून जात नाही. लोम्बार्डच्या मृत्यूनंतर चार दिवसांनी, २० जानेवारी १९४२ ला, बर्लिनजवळ वान्झे इथं नाझी अधिकारी युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची आखणी करायला बसले. जुलैमध्ये वॉर्साच्या घेटोमधून ट्रेब्लिंकाकडे गाड्या सुटू लागल्या. लुबिचला चित्रीकरणाच्या वेळी हे माहीत असणं शक्य नव्हतं. छळछावण्यांचं खरं रूप ठाऊक असतं तर आपण ‘द ग्रेट डिक्टेटर’ केला नसता, असं चॅप्लिननं पुढे आत्मचरित्रात म्हटलं. मला मात्र वाटतं, लुबिचचा चित्रपट त्या ज्ञानानंतरही उभा राहतो, कारण तो हिटलरला विदूषक करून लहान करत नाही. हसतहसत यादीवर सही करणारा अधिकारी त्यानं दाखवला, आणि पुढे इतिहासानं तसेच अधिकारी उघडे केले.

लुबिच ३० नोव्हेंबर १९४७ ला गेला. चित्रपटाची कीर्ती त्याच्या मागं वाढली. १९८३ मध्ये मेल ब्रूक्स आणि अ‍ॅन बॅनक्रॉफ्ट यांना घेऊन तो पुन्हा केला गेला, १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याची निवड झाली. आपल्याकडे २००८ मध्ये संजय छेल यांनी ‘मान गये मुघल-ए-आझम’मध्ये हीच कथा गोव्यातल्या एका नाटक कंपनीवर बेतली. मराठी वाचकाला ते स्वगत परकं नाहीच: आगरकरांनी ‘हॅम्लेट’ डोंगरीच्या तुरुंगात मराठीत आणलं, ‘विकारविलसित’ म्हणून, आणि गणपतराव जोशींच्या हॅम्लेटची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. नटाचं स्वगत ही किती पवित्र वस्तू आहे आणि ते चालू असताना कोणी उठलं तर काय होतं, हे ज्या समाजाला कळतं, त्यानं ही पटकथा वाचावी.

शेवटच्या दृश्यात सगळे इंग्लंडात सुखरूप पोचलेले आहेत. तुराला पुन्हा हॅम्लेट मिळाला आहे. सोबिन्स्की आता समोर बसून आहे, जागचा हलत नाही. तुरा स्वगत सुरू करतो आणि दुसराच एक तरुण अधिकारी उठून चालू लागतो. वॉर्सा वाचवण्याच्या कामात जीव धोक्यात घालून आलेला हा नट तेवढ्यानं तसाच हादरतो, जसा ऑगस्ट १९३९ मध्ये हादरला होता. लुबिचनं त्याला सुधारलं नाही. शूर होण्यासाठी तुराला आपला पोकळ अभिमान सोडावा लागला नाही, मारियाला आपला नखरा सोडावा लागला नाही, ग्रीनबर्गला आपली हाव सोडावी लागली नाही. नाझींसमोर ते उभे राहिले ते याच सगळ्यासकट.